डाव्या बाजूची चाकं

आमच्या गाडीची डाव्या बाजूची दोन्ही चाकं आरशासारखी लखलखीत आहेत आणि उजव्या बाजूची दोन्ही मळकट, पांढुरकी. प्रभादेवीच्या आमच्या गल्लीत गाडी उभी असली की कुणी ना कुणी थांबतं, दोन्ही बाजूंनी फिरून बघतं आणि मला विचारतं, "मॅडम, पॉलिशवाला मध्येच पळाला काय?" मंगळवारी तर विचारायलाच नको. दर्शनाच्या रांगेत ताटकळलेल्या माणसाला वेळ घालवायला काहीतरी हवंच असतं. मी "हो, पळाला" म्हणून मोकळी होते. खरं उत्तर रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाही.

गाडी बाबांची. बाबा मालवणकडचे. मुंबईत आले ते गिरणीत, आणि गिरणी गेल्यावर एका साहेबांची गाडी चालवायला लागले ते थेट निवृत्त होईपर्यंत. जन्मभर दुसऱ्याची गाडी पुसली आणि मग हौसेने स्वतःची एक सेकंडहँड घेतली. ती त्यांनी घेतली ती इंजिनासाठी नाही, चाकांसाठी. अलॉयची चाकं होती, रुंद पाच पात्यांची. "बॉनेट काय, कोणय पुसता," ते म्हणायचे. "गाडयेचा तोंड म्हणजे चाक." आमच्यापासून समुद्र हाकेवर. खाऱ्या हवेने दोन-तीन पावसाळ्यांतच त्या तोंडावर वांग आले, चकाकी गेली, हात फिरवला तर खरखर लागायची. एकदा चांगला हात मारायला हवा, असं बाबा दर दसऱ्याला गाडीला हार घालताना म्हणत आणि तो हार सुकेपर्यंत विसरून जात.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. इस्पितळातून घरी आले तेव्हा पाय ओढत का होईना, काठी घेऊन चालत होते. बोलणं जड झालं होतं, पण कळत होतं. हात मात्र आला नाही. खांद्यापासून लोंबत राहायचा, मनगट आत वळलेलं, बोटं मिटलेली. बसताना तो मांडीवर उचलून ठेवावा लागे.

हात गेला म्हणजे आमच्या घरात नेमकं काय गेलं, ते डॉक्टरांच्या कागदावर येण्यासारखं नव्हतं. बाबांचं जेवण म्हणजे भातावर माशाची आमटी ओतून, पाचही बोटांनी कालवून, बोटांच्या टोकांनी काटे चाचपत जेवणं. काट्यांच्या बाबतीत त्यांच्या बोटांना डोळे होते. आई गिरगावातली, जुन्या मुंबईकर घरातली, आणि जेवणाच्या शिस्तीच्या बाबतीत तिच्या नाकावर माशी बसत नसे. डावा हात ताटाला लागता कामा नये. एका हाताने पोळी तुटेना म्हणून दुसरा पुढे केला तर ती नुसती बघायची, आणि ते बघणं पुरे व्हायचं. एरवी नवरा-बायकोचं एका गोष्टीवर एकमत झालेलं मी पाहिलं नाही, पण इथे बाबा तिच्या पुढे दोन पावलं होते. मी चमचा आणला. डाव्या हातातला चमचा हा डावाच हात. "डाव्या हातान जेवचा? त्यापेक्षा उपाशी ऱ्हवलेलो बरो."

म्हणून आई त्यांना भरवायला लागली. आतल्या खोलीत, दार लोटून, आम्ही बाकीचे जेवायच्या आधी. बाकीचे म्हणजे मी एकटीच, पण माझ्यासमोरसुद्धा त्यांना ते नको होतं. एकदा दार नीट लागलं नव्हतं तेव्हा मला दिसलं, की घास तोंडात येताना ते डोळे मिटून घेतात. चार घासांत "पुरे" म्हणत. आई मग त्यांचं तोंड पुसून, भांडी आवरून, सगळं गार झाल्यावर स्वयंपाकघरात एकटीच जेवून घ्यायची. मासे तर बंदच झाले. वरळी कोळीवाड्यातून येणारी कोळीण वर्षानुवर्षं पहिली आमच्या दारात पाटी उतरवायची. बाबांनी भाव करायचा, तिने शिव्या घालायच्या आणि जाताना एखादा बोंबील फुकट टाकायचा, हा त्यांचा नेम. आता ती आमच्या दाराशी आवाज न देता पुढे जायची. कुणीतरी आपल्यासाठी काटे काढून तुकडी तोंडात घालतंय, हे बाबांना सोसण्यासारखं नव्हतं.

एका संध्याकाळी मी त्यांच्या पायांना तेल लावत होते तेव्हा ते आपणहून म्हणाले, "बाय, माका माज्या हातान जेवचा आसा. गाडी नको, चलाक नाय इला तरी चलात. एक घास माज्या हातान." एवढं लांब वाक्य झटक्यानंतर ते पहिल्यांदाच बोलले होते. मी तेल चोळत राहिले, कारण मान वर केली असती तर रडले असते.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. गोड होती, पण खोटा धीर द्यायची नाही. तिने मला जिन्यात गाठून सांगितलं, की हातातलं जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं, नंतर फारसं नाही. तिने दाबायला रबरी चेंडू दिला, मळायला रंगीत लगदा दिला. बाबांनी चेंडूकडे असं बघितलं, की तो बिचारा आपणहून खाटेखाली गेला. "ह्या काय पोरांचा खेळणा?" मी जीव तोडून समजावलं, चिडले, रुसले. माझा स्वभाव काही फार सोशीक नाही. दुपारच्या वेळी आम्हा दोघांची तोंडं दोन दिशांना असायची. महिने मात्र थांबत नव्हते.

चाकाची कल्पना माझी नाही, त्या मुलीची. ती एकदा म्हणाली, चेंडू नको तर नको, यांना आवडेल असं काहीतरी द्या. टेबल पुसू द्या, गोल गोल हात फिरला पाहिजे आणि दाब पडला पाहिजे. टेबल म्हटल्यावर बाबांचं तोंड पडलं. मी म्हटलं, "चाक?" बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

माझी शाळा सकाळची, दुपार मोकळी. पलीकडच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्याला मी पटवलं. त्याने पुढचं डावं चाक काढून तिथे स्टेपनी बसवली, टायर उतरवला आणि नुसती रिम माझ्या हातात दिली. ती घेऊन मी तीन मजले चढले तेव्हा आई दारात कमरेवर हात देऊन उभी.

"रस्त्यावरची सगळी घाण तुडवून येतं ते. चपला दाराबाहेर आणि चाक घरात?"

"आई, अगं चाक नाही, रिम आहे. रस्त्याला टायर लागतो."

"मग टायर तेवढा सोवळ्यात ठेवलास का?"

शेवटी रिमेची मोरीत आंघोळ झाली. आईनेच घातली, साबण लावून, ब्रशने. मग गॅलरीच्या टोकाला लाकडी स्टुलावर जुनी गोधडी आणि तिच्यावर रिम, समोर बाबांची खुर्ची, शेजारी पाण्याची बादली. आमची खोली कोपऱ्यातली, त्यामुळे येण्याजाण्याला अडथळा नव्हता. तरी सगळ्या मजल्याने येऊन बघून घेतलंच.

काम कसं करायचं ते बाबांना तोंडपाठ होतं, आणि जड जिभेने ते हुकूम सोडत. अलॉयवर लॅकरचा पातळ थर असतो. तो निघाल्याशिवाय खालच्या धातूला हात लागत नाही. तो मी हातमोजे घालून रिमूव्हरने काढला. त्या वासाने शेजारच्या काकूंना दिवसभर डोकेदुखीचं निमित्त मिळालं. मग पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून. आधी खरखरीत, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक. एका कागदाने आडवं घासायचं, पुढच्याने उभं, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही ते कळतं. सगळे गेल्याशिवाय पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. शेवटी पॉलिशची पेस्ट आणि मऊ सुती फडकं.

कागद धरणं बाबांच्या उजव्या हाताला शक्यच नव्हतं. म्हणून मी तळव्याखाली कागद ठेवायची, त्यावर त्यांचा उजवा हात, आणि त्याच्यावर त्यांनी आपला डावा ठेवायचा. डावा फिरवायचा, उजव्याने फिरायचं. पहिल्या दिवशी थोड्याच वेळात त्यांना घाम फुटला. पण चेंडूसारखी ती गोष्ट त्यांनी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर ते आधीच खुर्चीत बसलेले, बादली भरलेली.

त्या रिमेवरून घरात एक महाभारत झालं, तेही सांगते. पॉलिश पेपरचं काम उरकत आलं होतं. बाबा दुपारचे जरा आडवे झाले होते आणि आईच्या मनात आलं, आपणही हातभार लावावा. खाचांत काळं ग्रीस दिसत होतं. ओट्याचा चिकटपणा ती जशी काढते तसाच तिने गरम पाण्यात धुण्याचा सोडा कालवला आणि रिम मनसोक्त चोपडून ठेवली. ॲल्युमिनियमचं पातेलं सोड्याने काळं पडतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. मला लहानपणी याच गोष्टीसाठी तिने चार शब्द ऐकवले होते. पण गाडीचं चाक पातेल्याच्या जातीचं असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? बाबा उठून आले तर रिम शिशासारखी काळीठिक्कर. आई पदराचं टोक चावत उभी. मी म्हटलं, झालं, आता हे सगळं सोडून देणार.

बाबा हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा. "म्हणजे पयल्यापासून," ते म्हणाले, आणि सगळ्यात खरखरीत कागदाकडे बोट दाखवलं. मला त्या हसण्याचा किती आनंद झाला ते सांगता येत नाही. तरी मी आणि आई, दोघींनी त्याच क्षणी दुसरीकडे बघितलं.

कारण बाबांचं तोंड वाकडं झालं होतं. उजवा गाल खाली ओघळलेला, ओठाचा कोपरा हनुवटीकडे ओढलेला, हसल्यावर तर फक्त अर्धा चेहरा हसायचा. आणि हे त्यांना ठाऊक नव्हतं. ते इस्पितळातून यायच्या आदल्या दिवशी आईने बेसिनवरचा आरसा काढून ठेवला होता. कपाटाच्या आरशावर तिने आपल्या साड्यांचा हँगर कायमचा लटकवला. दाढीला न्हावी घरी येई, त्यालाही तिने दारातच ताकीद देऊन ठेवली होती. बाबांनी आरशाचं विचारलं तेव्हा "तडकला" म्हणाली. आमटी ओठाच्या कडेने गळते एवढं त्यांना कळायचं, पण त्यांची समजूत अशी, की त्या बाजूला जरा बधिरपणा आहे. "हात गेलाय त्याचंच दुःख मावत नाही त्यांना," आई मला म्हणाली होती, "हे आणखी कशाला दाखवायचं?" मलाही ते पटलं होतं. माणूस रूपवान होता. साहेबांच्या गाडीतून उतरले की लोक साहेबांऐवजी ड्रायव्हरला नमस्कार करत, असं आई लाजत सांगायची.

पहिली रिम झाली. टायर चढवताना टायरवाल्याच्या सळईचे ओरखडे पडले, म्हणून तिच्यावर शेवटचा हात मी खाली गॅरेजमध्येच मारला. बाबांनी ती पाहिली ती तिसऱ्या मजल्यावरून, कठड्यावर ओणवून. ऊन पडलं होतं आणि एवढ्या उंचीवरूनही चाकावरून नजर सरकत होती. त्यांनी शेजारच्यांना हाका मारून दाखवलं. आता डावा हात वरून फार जोर न लावताही उजवा फिरू लागला होता. खांदा हलायचा, कोपर हलायचं, तळव्याने दाब पडायचा. बोटं मात्र मिटलेली. मागचं डावं चाक वर आलं तेव्हा बाबांनी आधीच बजावलं, "ह्याचो शेवटचो हात माजो."

व्यायामाच्या मुलीने त्या सुमाराला पुन्हा सगळं तपासलं. दाब चांगला आलाय, म्हणाली. बोटांच्या चिमटीत तिने कागदाचा तुकडा धरायला दिला, तो पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. बाबांनी तिसऱ्यांदा स्वतःहून मागितला. ती जाताना मी जिन्यापर्यंत गेले; तिने तिथेच सांगितलेले ते पहिले महिने सरत आले होते. भात कालवायला बोटं लागतात. घरात ते तिघांनाही समजलं होतं, आणि तिघंही तोंडाने चाकाबद्दलच बोलत होतो.

बाबा तर अधिकच इरेला पेटले. सकाळ-दुपार गॅलरीत. फडकं काळं होऊन आलं की ते मला विजयाने दाखवत, कारण फडकं काळं झालं म्हणजे धातू सुटतोय, काम होतंय. हळूहळू पात्या उजळत गेल्या. आधी नुसतं पांढरं, मग गॅलरीच्या गजांच्या रेघा त्यात दिसायला लागल्या, मग वाळत घातलेल्या कपड्यांचे रंग. एका दुपारी मी चहा घेऊन गेले तर ते खाली वाकून एका पातीकडे निरखून बघत होते.

"ह्या पातीक बाक आसा," ते म्हणाले. "तोंड वाकडा दिसता."

दारात आई उभी होती, तिने मला नकारार्थी मान हलवून खुणावलं. मी म्हटलं, "असेल. खड्ड्यात आपटलं असेल कधीतरी." मुंबईच्या रस्त्यांवर काहीही ढकलता येतं.

त्या दिवसापासून त्यांनी बाकीच्या उजळून झालेल्या पात्या सोडून दिल्या आणि त्या एकीवर बसले. बाक काढायचाच. बारीक कागद पुन्हा मागून घेतला, सगळी चकाकी घालवली, पुन्हा पहिल्यापासून उजळली. पुन्हा वाकून बघितलं. पुन्हा वाकडं. मग कागद, मग पेस्ट, मग फडकं. हे दिवसांमागून दिवस चाललं. रात्री आई उशीत तोंड खुपसून झोपायची आणि मला माहीत होतं ती झोपलेली नाही. सांगावं तर कसं सांगावं, आणि न सांगावं तर एक माणूस आपला उरलासुरला जोर लावून लोखंडासारख्या कठीण धातूतून स्वतःचं तोंड सरळ करतोय. मला आईचा राग यायचा. तिच्याशी मी हो ला हो केलं होतं, म्हणून जास्तच यायचा.

एके दिवशी त्यांनी माझी फूटपट्टी मागितली. शाळेची, स्टीलची. डाव्या हाताने ती पातीवर उभी टेकवली आणि डोळा खाली आणून पट्टीच्या आणि धातूच्या मधून उजेड येतोय का ते बघितलं. पातीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठेच फट नव्हती. त्यांनी पट्टी आडवी धरून डोळ्यांसमोर नेली. पट्टीही सरळ होती.

"पट्टी धर बगया," ते मला म्हणाले. पट्टी घ्यायला मी त्यांच्या खांद्यावरून वाकले.

पातीत आमचे दोन चेहरे शेजारी शेजारी आले. माझा सरळ होता.

बाबांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या, मग पुन्हा माझ्या. मी मागे व्हायला हवं होतं, झाले नाही. त्यांनी डावा हात हळूच उचलून ओठाच्या उजव्या कोपऱ्याला लावला. पातीतल्या माणसानेही लावला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून, बाबा."

आई दारातून पुढे आली. "अहो, मी मुद्दाम..." एवढंच म्हणाली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. उजव्या तळव्याखालचं फडकं त्यांनी डाव्या हाताने ओढून काढलं, घडी केली, बादलीच्या काठावर ठेवलं आणि काठी घेऊन आत गेले.

त्यानंतर कित्येक दिवस ते गॅलरीत आले नाहीत. आई भरवायला गेली की दोन घासांत मान फिरवत. भिंतीकडे तोंड करून पडून राहत. ते आमच्यावर रागावले असते तर बरं झालं असतं. पण रागाचा एक शब्दही नाही. मी संध्याकाळी त्यांच्या पायांना तेल लावायची आणि ते लावू देत, एवढाच आमचा संवाद. स्टुलावरची रिम मी झाकून ठेवली होती. शेवटी गॅरेजवाल्याला म्हटलं, आहे तशी चढवून टाक. उजव्या बाजूची चाकं मग काढलीच नाहीत.

एका रविवारी सकाळी मी आंघोळ करून आले तर बाबा खाटेवर उठून बसले होते.

"आरसो खय आसा?" त्यांनी आईला विचारलं.

तडकल्याची गोष्ट आईने पुन्हा सांगितली नाही. कपाटामागून तिने आरसा काढला. जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. तो त्यांच्या मांडीवर ठेवून ती बाजूला उभी राहिली. बाबांनी खूप वेळ बघितलं. ओघळलेला गाल बोटाने वर उचलला, धरून ठेवला, सोडला. गाल पुन्हा खाली आला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते एका डोळ्यातून सरळ आलं आणि दुसऱ्यातून वेड्यावाकड्या वाटेने. त्यांनी ते पुसलं नाही.

मग म्हणाले, "आज बांगडे आणूक सांग."

आई गडबडली. "आणते की. मी काटे काढून देईन, अगदी एकूण एक..."

"नको." थांबून, एकेक शब्द जुळवत ते म्हणाले, "खोलीचा दार लावून बसलंय मी. कोण बगूक नको म्हणान. सगळ्यांनी बघल्यानी कधीच. आता लपवचा काय आणि कोणापासून?"

कोळणीला मी खिडकीतूनच ओरडून बोलावलं. ती वर आली, बाबांकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "काय रे, तोंड फिरवलंस ते फिरवलंसच काय माझ्याकडून?" बाबांनी भाव केला. तिने शिवी दिली.

दुपारी बाबा काठी टेकत बाहेरच्या खोलीत आले आणि टेबलाशी आपल्या जुन्या जागी बसले. आई ताट वाढत होती. ताटाचं डावं-उजवं हा आईचा प्राण आहे. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी, माशाची तुकडी उजवीकडे, जेवणाऱ्या हाताच्या बाजूला. आमच्याकडे पंगतीला वाढू लागलेल्या नात्यातल्या नव्या सुना त्या ताटावरून पास-नापास झालेल्या आहेत. माझ्या हातून एकदा लोणचं उजवीकडे पडलं होतं, तर तिने पाहुण्यांच्या देखत ताट उचलून आत नेलं होतं.

तिने बाबांसमोर ताट ठेवलं आणि मला वाटलं, बिचारीचं चित्त ठिकाणावर नाही. मीठ उजवीकडे होतं. लिंबाची फोड उजवीकडे, चटणी उजवीकडे. बांगड्याची आमटी आणि तळलेली तुकडी डावीकडे. मी ताट फिरवायला हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "बरोबर आहे ते."

बाबा ताटाकडे बघत बसले. या घरात लग्न होऊन आल्यापासून तिने कधीही असं ताट वाढलं नव्हतं, आणि हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी उजवा हात डाव्याने उचलून ताटाच्या काठावर ठेवला. तो हात आता एवढंच करू शकत होता, दाबून धरायचं. आणि त्याने ताट घट्ट धरलं. डाव्या हाताने त्यांनी आमटी भातावर ओतली. निम्मी टेबलावर गेली. बोटांना सवय नव्हती, भात कालवताना शितं चहूकडे उडाली. पहिला घास तोंडाशी नेताना थोडा गळून शर्टावर पडला, उरलेला आत गेला. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"काटा असेल हं," आई म्हणाली, तिला राहवेना.

"गप गो," बाबा म्हणाले. तोंडात बोट घालून, बराच वेळ चाचपून, त्यांनी एक काटा बाहेर काढला आणि तो ताटाच्या कडेला ठेवला.

आईने आणखी एक ताट घेतलं, त्यात स्वतःला भात वाढला, वर वाफाळती आमटी घातली आणि त्यांच्या शेजारची खुर्ची ओढून जेवायला बसली.